उलट्या अंगाने वाचलेला रस्ता

दुपारी बारा वाजता तुळसाबाई रस्ता ओलांडत. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. पलीकडच्या गल्लीत त्यांची धाकटी बहीण चंद्रकला धंतोलीच्या दवाखान्यातून आणल्यापासून अंथरुणाला खिळलेली होती. ती फक्त थोरल्या बहिणीच्या हातून जेवे; दुसऱ्या कुणी घास पुढे केला की भिंतीकडे वळे. रस्त्याच्या रुंदीइतके अंतर तुळसाबाईंचे गुडघे कसेबसे मान्य करीत. त्यापुढे नाही.

त्या दिवशी सकाळी समाजभवनात सभा भरली. थंडीतले ऊन खिडकीच्या गजांमधून सतरंजीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरले होते आणि माणसे नकळत त्या पट्ट्यांवर सरकून बसली होती. जरीपटक्याकडे जाणाऱ्या या रस्त्याने दोन वर्षांत वस्तीतली तीन माणसे नेली होती. म्हणून मधोमध दुभाजक हवा, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो दुभाजकात पायी ओलांडण्यासाठी ठेवायच्या मोकळ्या जागेचा. तिला सगळे ‘कट’ म्हणत. महापालिकेची तरुण अभियंता प्रणाली हिने टेबलावर नकाशा उलगडला, आणि कट पेट्रोल पंपासमोर निघाला. वस्तीच्या तोंडापासून चारशे मीटरवर.

“पंपावर आमी काय पेट्रोल प्याले जातो?” म्हातारे कवडू म्हणाले. हशा पिकला.

मोबाइलच्या दुकानातला सौरव मात्र हसला नाही. “मॅडम, एवढ्या दूर कोनी जाऊन नाही राहिलं. लोकं डिवायडर कुदून जातीन. मंग आनखी मरतीन.”

प्रणालीचे वरिष्ठ, उपअभियंता साहेब, शांतपणे फाइलचे पान उलटत होते. “श्रावणात हाच नकाशा इथेच दाखवला होता. वस्तीची संमती आहे. ही पाहा सही, चंपतरावांची. सोमवारी काम सुरू होतं.”

सगळ्या माना एका दिशेला वळल्या.

चंपतराव म्हणजे तुळसाबाईंचे यजमान. चाळीस वर्षे ते मागावर बसले. माग मोडल्यालाही आता बराच काळ लोटला होता. लुगड्याच्या काठाची नक्षी ते चौकटीच्या कागदावरून वाचून सुतात उतरवीत. म्हणूनच वस्तीने गृहीत धरले होते, की कागदावरच्या रेघा समजणारा माणूस आपल्यात हा एकच.

“तुमीनं सही केली?” शेजारी बसलेल्या तुळसाबाईंनी हळूच विचारले.

“कट आपल्या तोंडाशीच होता वं. मी पाह्यला होता.”

“मंग नकाशा बदलला!” सौरव उसळला. “पक्का बदलला. काका खोटं कायले बोलतीन?”

कुजबुज ओळीओळीने मागे पसरली. साहेबांनी प्रणालीकडे पाहिले. नकाशा तिच्या हातचा होता.  कागदाच्या कडेवर ठेवलेली तिची बोटे घट्ट झाली.

चंपतराव टेबलाशी आले. नकाशावरची बारीक इंग्रजी अक्षरे त्यांना श्रावणातही वाचता आली नव्हती. त्यांनी वाचल्या होत्या त्या रेघा. दोन लांब, समांतर रेघा पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांसमोरचा रस्ता ओला होत गेला. विणण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ पाजायची ती पांजण पहाटे याच रस्त्यावर चाले. शंभर हात लांब सूत ताणलेले, दोन्ही बाजूंनी कुंचे फिरणारे, आणि उजाडता उजाडता ते सूत असे चमके की रस्त्याच्या जागी कुणी नदी अंथरली आहे असे वाटावे. नवी नवरी तुळसा त्या नदीखालून वाकून पलीकडे जाई. तिच्या डोक्याला एकही धागा लागत नसे.

आणि घरात माग. त्यांच्या घरी लुगड्याचे तोंड खाली ठेवून विणत. वर दिसे ती पाठ. कागदावर उजवीकडे असलेले फूल हात आपोआप डावीकडे टाकी. कागद दिसला की मनात तो पलटायचाच.

चंपतराव थबकले. नदी ओसरली. टेबलावर कोरडा कागद होता, आणि कट श्रावणात जिथे होता तिथेच होता.

सारी सभा त्यांच्या बाजूने होती. नुसती मान हलवली असती तरी पुरले असते.

त्यांनी नकाशा उचलला, खिडकीपाशी नेला आणि उन्हाकडे धरला. कागदाची पाठ लोकांकडे. रेघा कागदातून पलीकडे उमटल्या. अक्षरे सोडून नुसत्या रेघा पाहिल्या, तर आता कट दुसऱ्या अंगाला, वस्तीच्या तोंडाच्या बाजूला दिसत होता.

“मी हा असा वाचला,” ते म्हणाले. “मागावरची सवय. नकाशा कोनी बदलला नाही. चूक माही हाये. या पोरीची नाही.”



“वा गा चंपत!” कवडूंनी मांडीवर थाप मारली. “लुगडं पलटवता पलटवता रस्ताच पलटवला!”

या वेळच्या हसण्यात टोक नव्हते. साहेबही ओझरते हसले. मग म्हणाले, “लेखी द्या. आठ दिवस काम थांबवतो. पण कट हलवायचा तर इथून माणसं ओलांडतात हे आकड्यांत दिसलं पाहिजे. आतापर्यंत आम्ही गाड्याच मोजल्या.”

चंपतरावांनी लिहिले: मी नकाशा उलटा वाचला, सबब माझी संमती परत घेतो. खाली पूर्ण नाव. तुळसाबाईंनी वाकून पाहिले.

“एवढं वाकडं त कधी विनलं नाही तुमीनं,” त्या म्हणाल्या, आणि डबा उचलला. बारा वाजत आले होते.

प्रणाली कोरा तक्ता आणि पेन्सिल घेऊन त्यांच्यामागे बाहेर आली. रस्त्यावर गाड्या लांबच लांब ताणल्या होत्या, एकीपुढे एक, कुठे खंड नाही. तुळसाबाईंनी काठी उंचावली. एक ट्रक मंदावला, मग एक ऑटो. त्या मधल्या फटीत त्या शिरल्या आणि उन्हात हळूहळू, आडव्या, पलीकडे निघाल्या. ट्रकच्या बोनेटापुढे वाकल्यासारख्या वाटल्या, कदाचित गुडघ्यांमुळे.

त्या पलीकडच्या गल्लीत दिसेनाशा झाल्यावर प्रणालीने तक्त्यात पहिली रेघ ओढली.

“वापस येतीन तवाही मोजजा,” शेजारी येऊन उभे राहिलेले चंपतराव म्हणाले.

“मोजते, काका,” ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली.