बठा आणि बठ्ठा

आधारच्या नावात जेवढा आधार होता, तेवढा त्याच्या आवाजात नव्हता. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी एकट्याने बसून संध्याकाळचे रंग शब्दांत पकडण्यात त्याचं तारुण्य खर्ची पडत होतं. अशा माणसाला अमळनेरच्या पुढे, एसटी जिथून माघारी वळते त्या गावात प्राथमिक शिक्षक म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली, हा सरकारचा विनोद असावा असं त्याला मनापासून वाटे.

शाळा एका खोलीची. अर्ध्या खोलीत पहिली-दुसरी शिकवणाऱ्या द्रौपदाबाई, अर्ध्या खोलीत आधार. त्याच्या अर्ध्यातून सतत गोंगाट उठे. हा गोंगाट जागेच्या टंचाईतून जन्मतो, असा सिद्धांत त्याने मांडला होता आणि तालुक्याच्या शिक्षकसभेत त्यावर भाषणही ठोकलं होतं. “शासनाने केवळ भिंती द्याव्यात; शांतता आपल्या पावलांनी तिथे वस्तीला येईल,” हे त्यातलं वाक्य रचायला त्याला दोन रात्री लागल्या होत्या. टाळ्या पडल्या. विस्तार अधिकारी देवरे साहेबांनी मान डोलावली.

आणि दुर्दैव असं, की सरकारने ऐकलं. खडू-फळा योजनेतून दुसरी खोली उभी राहिली. सोबत पत्र्याची पेटी आली. तिच्यात पृथ्वीचा गोल, भिंग, लोहचुंबक, एक ढोलकीसुद्धा. भिंतीचा गिलावा वाळला त्या दिवशी आधारला कळलं, की आजवर त्याच्या वाट्याला आलेली थोडीफार शांतता द्रौपदाबाईंच्या आवाजाची होती. ती भिंतीपलीकडे राहिली. अलीकडे राहिला तो, त्याची पेटी आणि तिसरी-चौथीची चाळीस मुलं.

शुक्रवारी देवरे साहेब वर्ग पाहायला येणार होते. त्यांनी बरा शेरा दिला तर नेमणूक टिकणार. नाहीतर परत मेहरूण, परत संध्याकाळचे रंग.

“भाऊ,” द्रौपदाबाई गुरुवारी म्हणाल्या, “तुम्ही ‘बसा, बसा’ म्हणता ना, ते पोरांना लग्नातल्या पाहुण्याला म्हटल्यासारखं लागतं. पाहुणा कधी लगेच बसतो का? ‘बठा’ म्हणा. घरचा अहिराणी शब्द शे त्यास्ना.”

आधारने तो शब्द मनावर घेतला. कपाशीच्या शेतांमधल्या वाटेने चालताना त्याने तो नाना स्वरांत उच्चारून पाहिला. कवीचा कान त्याचा. साधा ‘बठा’ त्याला पोकळ वाटला. शब्दाला वजन हवं, ठसा हवा. घरी पोचेपर्यंत त्याने त्या ‘ठ’वर असा भार दिला होता, की बांधावरची होल्यांची जोडी उडून गेली.

शुक्रवारी देवरे साहेब मागे खुर्चीवर बसले. आधारने पेटी उघडून पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला. पुढच्या पाच-सहा मुलांनी उठून मान पुढे काढली. क्षण आला होता. आधारने छाती भरून घेतली.

“बठ्ठा.”

अख्खा वर्ग उठला.

“बठ्ठा, बठ्ठा,” आधार अधिक ठामपणे म्हणाला, तेव्हा मागच्या रांगेतली मुलंही दप्तरं ओलांडत टेबलाशी भिडली. कुणी ढोलकी काढून बडवायला घेतली. द्रौपदाबाईंच्या वर्गातली लहान पोरं दारात येऊन उभी राहिली, आणि त्यांच्याकडे पाहून आधारने जिवाच्या आकांताने आणखी एकदा तोच शब्द उच्चारल्यावर तीही आत शिरली.

“अरे, मी काय सांगतोय?” त्याने पुढच्या मुलीला काकुळतीने विचारलं.

“तुम्हीनच तं म्हनतस, बठ्ठा,” ती म्हणाली. “मंग बठ्ठा उनूत.”

देवरे साहेब धुळ्याकडचे. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. “गुरुजी, बठ्ठा म्हणजे सगळे. तुम्ही सगळ्यांना बोलावलंत, सगळे आले. आज्ञाधारक वर्ग आहे.” मग रुमाल खिशात गेला. “खोली मागितली, दिली. पेटी दिली. आता हा गोंगाट कशाच्या टंचाईमुळे?”

आधारच्या मनात एक सुंदर वाक्य आकार घेऊ लागलं होतं. त्यात मैदान होतं, कुंपण होतं. ते त्याने अर्ध्यावर सोडलं.

“माझ्या, साहेब.”

साहेब म्हणाले, “मी बठ्ठ्या तालुक्यात हाच प्रश्न विचारतो. कुणी बाकं मागतं, कुणी आणखी एक शिक्षक. मिळायलाही हवं त्यांना. खोली नसताना तुमचा दोष तरी कुठे दिसत होता?” ते उठले. “मार्चपर्यंत राहा. तेव्हा परत पाहीन. भाषण मात्र नको.”

ते शेजारच्या वर्गाकडे गेले. मुलं आधारच्या तोंडाकडे पाहत थांबली. आता कोणता शब्द येतो, याची त्यांना खरीखुरी उत्सुकता होती. आधारचा शब्दांवरचा विश्वास उडाला होता. त्याने गोल उचलला आणि तो स्वतःच फरशीवर मांडी घालून बसला. जवळची काही मुलं बसली. त्यांच्या डोक्यांवरून दिसेना म्हणून त्यांच्या मागची वाकली. बाकीची पेटीत लोहचुंबक शोधत राहिली, आणि ढोलकी काही थांबली नाही.