थंड ब्रेक

मित्रांनो, गाडीच्या चाकाच्या फटींतून आत डोकावलात तर एक लोखंडी चकती दिसते. मी तशीच एक जुनी ब्रेक डिस्क आहे. भट्टीत माझा जन्म झाला. दोन्ही बाजूंचे पॅड मला आवळून धरत, की गाडी थांबे. एवढंच माझं आयुष्य, पण मला त्याचा अभिमान होता.

गाडी दोघा भावंडांची. ताई रोज गाडीने कामावर जाई आणि सुट्टीच्या दिवशी दादा ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवी. एकदा ऐन वळणावर पॅड इतके तापले की त्यांची पकडच सुटली. दादा कसाबसा वाचला. मग तो मला घेऊन, म्हणजे गाडी घेऊन, ब्रेकच्या दुकानात गेला.

"हे खास ट्रॅकचे पॅड," दुकानदार म्हणाला. "तापले की मगरीसारखे धरतात. पण थंड असले तर भरवसा नाही. गाडी रस्त्यावर कोण चालवतं?"

"कोणी नाही. ट्रॅकवरच असते."

"दोन्हीकडे चालतील असेही आहेत."

"अर्धवट काही नको मला!"

पुढच्या सुट्टीला त्या नव्या पॅडवर दादाची ट्रॅकवर वाहवा झाली. परतल्यावर रस्त्यासाठी जुने पॅड पुन्हा बसवायचे मात्र राहून गेले.

"दादा, ब्रेक किती किंचाळतायत रे!" ताई म्हणाली.

"तापले की गप्प बसतील," दादाने हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कामावर निघाली तेव्हा कडाक्याची थंडी होती. घरापुढच्या उतारावर वळताच समोर कचऱ्याची गाडी उभी दिसली. ताईने जीव खाऊन ब्रेक दाबला. गारठलेले पॅड माझ्यावरून नुसते घसरत गेले.

ज्या पायाने तिने ब्रेक दाबला, तो गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढे चेपलेल्या गाडीतलं सामान न्यायला दोघं भंगाराच्या आवारात आली. ताई कुबड्यांवर होती.

"दादा, मी ब्रेक उशिरा दाबला का रे?"

दादाने माझ्याकडे बघितलं.

"असेल," तो म्हणाला.

त्यावर ताईने मान खाली घातली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मित्रांनो, ब्रेक निवडाल तेव्हा ती गाडी आणखी कोण चालवतं, ते आधी आठवा. ताईला ऐकू जाईल अशी वाचा मला नाही, इथे मी गंजत पडले आहे. तुम्हाला ताई कुठे भेटलीच, तर तिला एवढंच सांगा, की तिने ब्रेक वेळेवर दाबला होता.