चार डबे आणि एक तार

"डब्यांत पाणी काठोकाठ आहे! मग ह्या मुंग्या आल्या कुठून?" खुराड्याचा चौथा पाय तपासत वायरमन ओरडले. बायकोशी बोलायचे तर ओरडावेच लागे. गेली अकरा वर्षे तिला कमी ऐकू येत होते.

"मला काय विचारता? मला सांगून आल्यात होय? आधी अंडं उचला!"

त्यांनी झाकण उघडले. बल्बच्या उबेत काल निघालेली दोन पिल्ले कोपऱ्यात चिवचिवत होती. पहाटे निघालेले तिसरे ओले पिल्लू लाल मुंग्यांनी झाकून गेले होते. ते हलत नव्हते. चौथ्या अंड्याला काल दुपारीच ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पडले होते आणि आता पहिल्या दोन मुंग्या त्या भोकाच्या काठाशी पोहोचल्या होत्या.

वायरमननी त्या चिमटीत धरून काढल्या. बोटांना आग लागल्यासारखे झाले. अंडे आणि दोन्ही पिल्ले त्यांनी बायकोच्या मांडीवरच्या लोकरी शालीत ठेवली.

नऊ दिवसांपूर्वी मुंगसाने बदकीण नेली, तेव्हापासून या चार अंड्यांची आई म्हणजे चाळीस वॅटचा एक बल्ब. वायरमननी काम शिस्तीत केले होते. आधी कागदावर आराखडा. मुंगसासाठी बारीक जाळी, उंदरांसाठी खाली पत्रा, सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून काढणे, भोवतालचे गवत हातभर छाटणे. आणि मुंग्यांसाठी चारही पाय साबणाच्या पाण्याने भरलेल्या डब्यांत. आराखड्यात एकही चूक नव्हती.

त्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बल्बपर्यंत आलेली तार लाल दिसत होती. तिच्यावरून मुंग्या येत होत्या. एकीमागे एक, सारख्या अंतराने, न थांबता. समोरून परतणारी भेटली की क्षणभर तोंडाला तोंड लावायच्या आणि बाजूला सरून वाट द्यायच्या. चाळीस वर्षे खांबांवर चढलेल्या माणसाने इतकी नेटकी लाइन कधी ओढली नव्हती. "वीज वाटेशिवाय जात नाही, बिघाड झाला की आधी वाट शोधा," हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला घोकून घेतले होते. इथे वाट त्यांनीच घातली होती.

"दिव्याखाली अंधार," बायको म्हणाली, "तोही वायरमनच्या घरी!"

"चूक माझी," ते पुटपुटले.

"काय?"

"चूक माझी, म्हणतोय!"

"पहिल्याच वेळी ओठांवरून कळलं होतं. पण असं वाक्य पुन्हा कधी मिळणार?"

ते कसनुसे हसले. मग प्लग काढला, तार उतरवली, साबणाच्या फडक्याने वीतवीत पुसली, आणि दोन ठिकाणी चिंधी गुंडाळून तिच्यावर ग्रीस थापले. बोटांवर फोड उठले होते. फडक्यावरची पकड सुटत होती. बल्ब बंद होऊन वीस मिनिटे झाली होती. याहून उशीर झाला तर अंड्यातला जीव गारठणार, हे त्यांना कळत होते.

"झालं! लावतो!" ते वळले.

बायकोने बोट वर करून त्यांना गप्प केले. शालीच्या उबेतले अंडे तिने गालाशी धरले होते.

"ठोकतंय," ती म्हणाली. "अहो, मला ऐकू येतंय."

दाराची घंटा जिला ऐकू येत नव्हती, तिचे डोळे भरून आले होते. वायरमन प्लग लावून शेजारी बसले. भोकापासून एक बारीक भेग निघाली होती. आतून टोचा, विसावा, पुन्हा टोचा. आत अंधार, हातात पट्टी नाही, शिकवायला कोणी नाही, आणि तरी ती भेग अंड्याभोवती सरळ फिरत आली, जिथून निघाली तिथेच मिळाली. टोपी उचलावी तसे टरफल वर झाले. ओली मान बाहेर पडली, डुगडुगली, आणि बायकोच्या अंगठ्यावर टेकली.



मग वायरमननी मेलेले पिल्लू बाहेर काढले, खुराडे झाडले, आणि तिन्ही जिवंत पिल्ले बल्बखाली गेली. तारेवर एक मुंगी आली, ग्रीसपाशी थांबली, मिशा हलवल्या आणि परत फिरली.

वायरमननी ते मेलेले पिल्लू तळहातावर घेतले. रंगाचा लहान ब्रश पाण्यात बुडवून ते त्याच्या पिसांतून एकेक मुंगी काढू लागले.

"आता कशाला?" बायकोने विचारले.

पापणीजवळची शेवटची मुंगी निघाली, पिसे ब्रशने सारखी झाली, आणि मगच ते खड्ड्यासाठी खुरपे घ्यायला उठले.