हुसेनभाईंना पालथं केलं तेव्हा

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या हॉस्पिटलात आयसीयूचे चार पलंग होते आणि व्हेंटिलेटर दोनच. मी तिथं सिस्टर होते. माझं माहेर माण तालुक्यातलं, सांगलीत नोकरीला लागून पाच वर्षं झालेली.

हुसेनभाई आष्ट्याचे. गाद्या-उशा भरून द्यायचं त्यांचं दुकान. न्यूमोनियानं दोन्ही फुफ्फुसं भरली तेव्हा त्यांना आमच्याकडं आणलं. दुसऱ्या दिवशी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही बोटाच्या यंत्रावरचा आकडा ब्याऐंशीच्या वर सरकेना. तो नव्वदच्या पुढं हवा असतो.

डॉ. लालासाहेब शिंगटे राउंडला आले ते हातात झेरॉक्सचे कागद घेऊन. पुण्याच्या मित्रानं त्यांना परदेशातल्या मासिकातला लेख पाठवला होता.

"दीक्षा, हे लोक अशा पेशंटला पालथं झोपवतात," ते म्हणाले. "उताणं झोपून पाठीकडचं फुफ्फुस दबतं, ते पालथं केल्यावर मोकळं होतं म्हणतात. बऱ्याच जणांचा ऑक्सिजन वाढला."

"आणि ते वाचले?"

"काही वाचले. पण पालथं केलं म्हणून वाचले का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

त्यांनी हुसेनभाईंच्या बायकोला, अख्तरबींना आत बोलावलं. सोबत धाकटा दीर फारूक होता. डॉक्टरांनी जे मला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, वर धोकाही सांगितला. पालथं करताना घशातली नळी निसटली तर ती परत घालायला मिनिटंच हातात असतात.

फारूक उभाच होता. "नवीन प्रयोग आमच्याच माणसावर का, सायब?"

"बरोबर विचारलंत," डॉक्टर म्हणाले. "जे माहितीतलं होतं ते सगळं करून झालंय. त्यानं भागत नाही, म्हणून विचारतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी त्यांच्याकडं दुर्लक्ष होणार नाही."

अख्तरबींनी काचेतून नवऱ्याकडं बघितलं. "आमच्यात पालथं झोपू न्हाई म्हणत्यात," त्या हळू म्हणाल्या. "पर आजाऱ्याला कसला नेम. सायब, तुमी सवता कुणाला असं केलंय?"

"नाही."

"ह्या शिस्टरनं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आदी धडधाकट माणसावर करून बगा. मला दावा."

डॉक्टरांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "हे आम्हालाच सुचायला हवं होतं."

शेजारचा पलंग रिकामा होता. फारूक त्यावर आडवा झाला. मी त्याच्या ओठाशी एक नळी चिकटपट्टीनं लावली, हाताला सलाईनची रिकामी पिशवी बांधली. दोन वॉर्डबॉय, दुसरी एक सिस्टर आणि मी अशी चौघं, आणि डोक्याशी नळी धरून डॉक्टर. पहिल्या वेळी सलाईनची नळी फारूकच्या पाठीखाली अडकली. दुसऱ्या वेळी त्याचा खांदा पिरगळला. तिसऱ्या वेळी तो नीट पालथा झाला, पण लगेच म्हणाला, "पोट दबतंय. दम घ्याय येत न्हाई."

छातीखाली आणि कमरेखाली उशा होत्या. पोट त्यांच्यामध्ये मोकळं राहायला हवं होतं. अख्तरबींनी त्यातली एक उशी काढून बोटांनी चाचपली.

"ह्यात कापूस हाय कुटं? निस्ते गोळे झाल्यात. अंगाचं वजन पडलं की बसणारच." त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. "किती उंच पायजे?"

डॉक्टरांनी हातानं दाखवलं. अख्तरबींनी आपल्या वितीनं ते मोजून घेतलं आणि फारूकला तिथंच बसवून त्या एकट्या एसटीनं आष्ट्याला गेल्या. दुपारी अडीचला परत आल्या तेव्हा त्यांच्याजवळ तीन लोड होते, ठासून भरलेले, वर धुतलेली पांढरी खोळ. फारूकवर एकदा करून बघितलं. त्यानं श्वास घेतला आणि अंगठा वर केला. मग अख्तरबींनी संमतीच्या कागदावर सही केली.

हुसेनभाईंना पालथं करायला चार मिनिटं लागली. माझी नजर नळीवरून हलली नाही. आकडा उतरला. ऐंशी, सत्त्याहत्तर, चौऱ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, "थांबा. कुणी काही करू नका." मला ते थांबणं फार जड गेलं. मग आकडा हळूहळू फिरला. पाऊण तासानं तो एक्याण्णववर होता.

बाहेर जाऊन मी अख्तरबींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंजे बरं हुतील?"

"ते आज सांगता येत नाही. आकडा वाढलाय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच बाकावर टेकून बसल्या.

पाच दिवस आम्ही त्यांना रोज काही तास पालथं ठेवलं. चेहरा सुजला, उजव्या गालावर दाबाची जखम झाली. ती माझ्या पाळीत झाली, मान वेळेवर वळवायची राहिली म्हणून. मी तसं अख्तरबींना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्या दिवशी माझ्याशी बोलल्याही नाहीत. दहाव्या दिवशी नळी निघाली. तीन आठवड्यांनी हुसेनभाई भावाचा हात धरून चालत जाऊन रिक्षात बसले.

मार्चमध्ये केरबा नावाचे एक गृहस्थ आले, दहिवडीकडचे, माझ्याच मुलखातले. तोच आजार. त्यांच्या बायकोला, रंगूबाईंना समजवायला डॉक्टरांनी मला पाठवलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "बाय, ह्येच्यानं कुणी बरं झालंय का?"

"आम्ही एकालाच केलंय, मावशी. ते बरे झाले. पण ह्याच्यानंच झाले असं मला म्हणता येत नाही."

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या, आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

या वेळी आमचे हात सरावलेले होते. गालाला जखम झाली नाही. केरबांचा आकडा हुसेनभाईंपेक्षाही लवकर चढला, ब्याण्णवपर्यंत. पण चौथ्या दिवशी मूत्रपिंडं थांबली आणि पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

रंगूबाईंनी नवऱ्याच्या पायांवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शेवटी तरास न्हवता न्हवं?"

"नव्हता. झोपेचं औषध चालू होतं."

त्यांना गाडीत बसवून मी परत आले तेव्हा डॉक्टर पुण्याच्या मित्राला पत्र लिहीत होते. मी म्हटलं, "हुसेनभाईंचं कळवा. केरबांना तसंही दुसरंच काही झालं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकच पेशंट कळवला तर वाचणाऱ्याला वाटेल की पालथं केलं की माणूस वाचतो. मग तो पुढच्या पेशंटच्या बायकोला तसंच सांगेल."

ह्येच्यानं कुणी बरं झालंय का, हा रंगूबाईंचा प्रश्न मला आठवला. मी खुर्ची ओढून डॉक्टरांसमोर बसले. दोघांचेही तासातासाचे आकडे मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. गालाच्या जखमेचं त्यांनी विचारलं नव्हतं. तेही मी लिहायला लावलं.