उलटा छापणारा शिक्का

मी एक शिक्का बोलतोय, आणि तोही चुकलेला. हसू नका. आमच्या सगळ्या भाऊबंदांत मी एकटाच असा निघालो, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

आमचं एक गुपित सांगतो. शिक्क्याच्या तोंडावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणून तर कागदावर ती सुलटी उमटतात. मला कोरलं टिल्लीच्या आईने. अरुंद दुकान, खिडकीशी टेबल, त्यावर तिची हत्यारं. आधी पातळ कागदावर पेन्सिलीने मजकूर लिहायचा, तो कागद रबरावर पालथा घालायचा आणि नखाने घासायचा, की अक्षरं आपोआप उलटी उतरतात. मग पातं घेऊन कोरत बसायचं. पंधरा वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता. चुकला तो माझ्या वेळी.

त्याचं कारण टेबलाखाली बसलेलं होतं. सहा वर्षांची टिल्ली शाळा सुटली की दुकानात यायची आणि जुन्या शिक्क्यांशी खेळायची. ती तीन काढायला बसली की सहा निघायचा. ‘ग’चा दंड डावीकडे. ‘स’ तर चक्क पाठ फिरवून उभा.

आईने वहीची पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. ‘माझ्यामुळेच झालं हे. उलटी अक्षरं बघत वाढली पोर!’ असं तिने मनाशी पक्कं धरलं. जुने शिक्के खणात गेले, खणाला कुलूप लागलं. रोज लेकीच्या डोक्यावर उभी राहून ती एकच पालुपद आळवू लागली, “सरळ लिही गं, सरळ!”

एके दिवशी टिल्लीने पेन्सिल मांडीखाली दडवली. “बोट दुखतंय,” म्हणाली. दुसऱ्या दिवशीही दुखलं, तिसऱ्याही. दिवसभर जिची टकळी चालायची ती पोर मुकाट बसून राहू लागली.

“उद्यापासून इथे यायचंच नाही,” चौथ्या दिवशी आईने सांगून टाकलं. “शेजारच्या काकूंकडे बसायचं.”

टिल्लीचा चेहरा एवढासा झाला. आणि त्याच दुपारी माझा जन्म झाला.

शाळेच्या बाईंना वह्यांवर मारायला ‘शाबास’ असा शिक्का हवा होता. आईचा एक डोळा कामावर, एक लेकीवर, आणि तोंडात तेच ‘सरळ, सरळ’. पातळ कागद राहिला बाजूला. तिने थेट रबरावरच लिहिलं, छान सरळ, आणि कोरून मोकळी झाली.

संध्याकाळी बाई आल्या. आईने मला शाईत बुडवून कागदावर दाबलं, उचललं, आणि बघतच राहिली. ‘शाबास’ तोंड फिरवून बसला होता!

टेबलाखालून एक मान बाहेर आली. “आई, तू पण?”

आणि चार दिवसांत पहिल्यांदा टिल्ली खदखदून हसली. आईलाही हसू फुटलं, हसता हसता डोळे भरले, आणि तिने बाईंना सगळं सांगून टाकलं.

“अहो, माझा निम्मा वर्ग असंच लिहितो,” बाई म्हणाल्या. “त्या सगळ्यांच्या आया काय शिक्के कोरतात? हे बघा, चमचा कुठेही वळवा, चमचाच राहतो. खुर्ची फिरवा, खुर्चीच. तिचे डोळे जन्मल्यापासून हेच शिकलेत. तोंड फिरवलेलं चालत नाही अशी वस्तू तिला अक्षरांतच पहिल्यांदा भेटली. उमगायला वेळ लागणारच. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचं जागेवर येतं. नाही आलं, वाचतानाही अडली, तर डॉक्टरांना दाखवू. पण आत्ता तिला लिहू द्या हो.”

बाईंसाठी दुसऱ्या दिवशी नवा शिक्का करायचं ठरलं. मी निघालो होतो कचऱ्याच्या डब्यात, तेवढ्यात टिल्लीने मला झडप घालून उचललं आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“आई, हा तर बरोबर आहे! इथे नीट लिहिलंय!”

मग मांडीखालची पेन्सिल बाहेर आली. माझ्याकडे बघत तिने जीभ बाहेर काढून लिहिलं, ‘शाबास’. ‘स’ने पाठ फिरवलीच. आईचा हात खोडरबराकडे गेला, आणि तसाच मागे येऊन लेकीच्या पाठीवर पडला. मला तो क्षण फार आवडला. खणाचं कुलूपही त्याच संध्याकाळी निघालं, आणि काकूंकडे बसायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

आता टिल्ली आठ वर्षांची आहे. तिचा ‘स’ कधी वळला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीन अजून घाईत लिहिला की घसरतो. मी खिडकीत बसून असतो. शाई लागत नाही, काम नाही, पण मान मोठा. दुकानात कुणी आई-बाप मुलाच्या वहीची तक्रार सांगू लागले, की टिल्लीची आई मला त्यांच्या हातात देते.

तुमच्याही हातात आलो तर एवढंच करा. मला वाचायचं असेल तर कागद बाजूला ठेवा आणि माझ्या तोंडाकडे बघा. घरातल्या लेकराचंही तसंच करून बघा की एकदा.