इंदुबाईंची बाग आणि माझा मोडका पाय

मी ट्रायपॉड बोलतोय. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो तीन पायांचा. सध्या नीरजाच्या गाडीच्या डिकीत आडवा पडलोय.

नीरजा बागांचे फोटो काढते. पूर्वी घाई असली की मला न उघडताच काम उरकायची. गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तिनं घरीही सांगितलं नाही. तेव्हापासून तिची सगळी मदार माझ्यावर.

मग सहकारनगरहून इंदुबाईंचा फोन आला. यजमान गेल्यावर त्यांनी एकटीनं बंगल्याभोवती बाग वाढवली होती. आता बंगला बिल्डरकडे गेला होता आणि सोमवारी पाडायला माणसं येणार होती. त्याआधी बागेचे फोटो हवे होते.

नीरजानं जीव ओतून आखणी केली. आधीच जाऊन ऊन कुठून येतं ते पाहिलं. आधी कृष्णकमळाचा वेल, मग ऊन चढायच्या आत कमळाचं टाकं. पाण्याच्या नळ्या, बादल्या, वाळत घातलेले कपडे हलवायला सांगितले. पावसाचा अंदाज होता, त्यामुळे हातात रविवारची सकाळच होती.

त्या सकाळी तिनं माझा पाय लांबवला आणि त्याचा चाप तुटला. तिनं चिकटपट्टी गुंडाळली, दोरी बांधली. कॅमेरा ठेवला की मी पुन्हा घसरायचो. दुसरा ट्रायपॉड भाड्यानं मिळतो का विचारलं, तर दुकानदारानं रविवारी दुकान बंद असतं एवढंच सांगून फोन ठेवला.

शेवटी तिनं कॅमेरा हातात धरला. एकेक फोटो पुसट. मी गवतात पडून बघत होतो. ऊन चढत होतं आणि ती तोच वेल पुन्हा पुन्हा टिपत होती.

इंदुबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"काकू, मला आजार आहे. हात स्थिर राहत नाही. तुमची बाग माझ्यामुळे वाया जाणार."

इंदुबाईंनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"माझ्या खांद्यावर ठेव कॅमेरा. मी हलत नाही."

दोघी तशाच बागभर फिरल्या. नीरजा सांगायची आणि इंदुबाई श्वास रोखायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खांदा जराही हलला नाही. टाक्याशी पोचल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. शेवटचा फोटो झाला आणि सर कोसळली.

फोटो लख्ख आले. इंदुबाई आता हिंजवडीला लेकाकडे राहतात, वरच्या मजल्यावर. नीरजानं अल्बम नेऊन दिला, तेव्हा लेकानं विचारलं, यात आई कुठंच कशी नाही? नीरजानं इंदुबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

आता तिला चहाचा कपही दोन हातांनी धरावा लागतो. कात्रजहून एका बागेसाठी फोन आलाय; तिनं अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. डिकी उघडते, माझ्याकडे बघते आणि बंद करते.

नीरजा, मला दुरुस्तीला टाक गं. लवकर टाक. प्रत्येक बागेत इंदुबाई नसतात.