अनंताची कुंडी

"काका, अजून दोन रविवार अशीच घासलीत, तर कुंडीला भोक पडेल!"

रोजची फुलपुडी द्यायला आलेली शेवंती दारात उभी राहून हसली. कमलाकांतांनी मान वर केली नाही. गॅलरीत पाट टाकून ते नारळाच्या शेंडीने अनंताची कुंडी घासत होते. शेंडी राखेत बुडवायची, खालून वर न्यायची, हिरवा लगदा सुटला की ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. आतला लाल रंग उघडा पडला की त्यांना जरा बरं वाटे. पण पुढच्या रविवारपर्यंत शेवाळ पुन्हा धरलेलं असे. पाऊस सरून महिना होऊन गेला होता. ठाकूरद्वारच्या त्या चाळीतल्या बाकीच्या कुंड्या केव्हाच कोरड्या पडल्या होत्या.

कुंडीतला अनंत जगदीशने लावला होता. त्यांचा एकुलता मुलगा. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला म्हणून जिना उतरला आणि गोळीबारात गेला. तेव्हापासून नवरा-बायकोच्या बोलण्यात त्याचं नाव आलं नव्हतं. आता अनंताची पानं पिवळी पडून गळत होती. तो जगावा, एवढंच कमलाकांतांना हवं होतं.

"हे शेवाळच खातंय गं त्याला," ते म्हणाले.

"शेवाळ कशाला खाईल? ते बिचारं बाहेरच्या बाहेर जगतं." शेवंतीने पुढे होऊन मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं. "शी! मुळं कुजतायत. पाणी किती ओतता?"

"एक तांब्या. संध्याकाळी. जगदीश घालायचा तेवढंच."

नाव तोंडून निघून गेलं. स्वयंपाकघराच्या दारात राजलक्ष्मीबाई थबकल्या.

"सकाळी मी घालते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात की."

शेवंती दोघांकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "एकानंच घाला, काकी. तेही दिवसाआड. शेवाळपण धरणार नाही मग." पुडी ठेवून ती गेली.

"तू बंद कर," कमलाकांत म्हणाले. "तो संध्याकाळी घालायचा. मी ट्रॅममधून उतरलो की वर तांब्या घेऊन उभा दिसायचा."

"सकाळीच घालायचा तो."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलंय!"

"तांब्या रिकामा असायचा हो." राजलक्ष्मीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "गॅलरीत उगाच उभं राहिलेलं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून हातात धरायचा. तुम्ही उतरलात की आत येऊन सांगायचा, 'आई, चहा टाक, बाबा आले.'"

कमलाकांतांचा हात कुंडीवर तसाच राहिला. राखेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"तूच घाल पाणी," शेंडी खाली ठेवत ते म्हणाले.

सोमवारी ऑफिसातून येताना ते ट्रॅममधून उतरले. इतके महिने इथे उतरल्यावर ते खाली मान घालून चालत. आज त्यांनी वर पाहिलं. कुंडीपाशी राजलक्ष्मीबाई उभ्या होत्या, हातात तांब्या. कमलाकांत दिसताच त्या लगबगीने आत वळल्या.

चहाला उकळी यायला थोडा वेळ लागणार होता. कमलाकांत जिना सावकाश चढू लागले.